दोनशे सतराव्या फेरीचं टिंब

वाऱ्याच्या बोगद्यात नोकरीला लागून तिला एकोणतीस वर्षं झाली होती, आणि तिच्या सासूला अजून वाटत होतं की सून पंख्यांच्या कारखान्यात जाते. "एवढी वर्षं पंखे करतेस, आणि माझ्या खोलीतला खडखड करतो तो करतोच," असं सासू आल्यागेल्यासमोर म्हणायची. सुरुवातीला तिने समजावून सांगायचा प्रयत्न केला होता. पुढे सोडून दिला. पंख्यांचा कारखाना तर पंख्यांचा कारखाना. तसंही खरं काम काय ते बाहेर बोलायची परवानगी नव्हतीच.

कामावर तिला सगळे तक्तेबाई म्हणायचे. खरं नाव हजेरीपटावर होतं, तिथेच राहिलं होतं. बोगदा म्हणजे एक लांबलचक शेड. एका टोकाला हवा ठासून भरलेल्या टाक्या, दुसऱ्या टोकाला घराएवढा पोकळ लोखंडी गोळा, आणि त्यातली हवा उपसून काढलेली. कॉम्प्रेसर साडेतीन तास घरघरत टाक्या भरायचा आणि ती सगळी हवा वीस सेकंदांत या टोकाकडून त्या टोकाला सुटायची. वाटेत जाड काचेच्या खिडक्यांची एक पेटी होती. तिच्यात एका दांड्यावर हातभर लांबीचं पोलादी मॉडेल बसवलेलं असायचं. दांड्याच्या पोटात एक नाजूक काटा होता. वारा मॉडेलला कुठे आणि किती ढकलतो ते तो सांगायचा. नाक वर जातंय की खाली, डावीकडे की उजवीकडे, आणि अंग स्वतःभोवती कुठल्या बाजूला गिरकी घेऊ पाहतंय. त्या वीस सेकंदांत दांडा पायरीपायरीने मॉडेलचं नाक उचलायचा आणि दर पायरीला काटा आपले आकडे टाकायचा. याला म्हणायचे एक फेरी. दिवसाला दोन फेऱ्या झाल्या की दिवस चांगला गेला.

त्या आकड्यांचे तक्ते करणं हे तिचं काम. हे तक्ते पुढे क्षेपणास्त्राच्या पोटातल्या संगणकात जायचे. ही वस्तू इतक्या वेगाने जायची की डोळा मिटून उघडेपर्यंत अर्धा किलोमीटर मागे पडायचा. तिथे विचार करायला कुणी बसलेलं नसतं, असतो तो फक्त तक्ता. शेपटीचा अमुक पंख एवढा वळवला की अंग तेवढं वळेल, असं तक्ता सांगतो आणि संगणक ते निमूट मानतो. नव्या नवरीने सासरच्यांचं मानावं तसं, असं ती पूर्वी गमतीने म्हणायची. आता म्हणत नसे. गमतीला लागणारी ताकद हल्ली तिच्याकडे उरत नव्हती. वर्षभरापूर्वी सासू न्हाणीघरात घसरून खुब्याचं हाड मोडून बसली होती. नवरा टपालखात्यातून निवृत्त झालेला, त्यामुळे दिवसभराचं तो बघायचा. सकाळचं आणि संध्याकाळचं तिच्याकडे. उठवणं, पुसणं, कूस बदलणं, चादरी. आठ वाजता कामाला निघताना तिचा एक दिवस होऊन गेलेला असायचा.

अशातच ते उड्डाण झालं. चार वर्षांचं काम होतं. एकाहत्तर सेकंद सगळं सुरळीत चाललं. मग उतरणीच्या वळणावर वस्तू स्वतःभोवती गिरक्या घेऊ लागली आणि चौथ्या सेकंदाला तिचे तुकडे झाले. तुकडे समुद्रात पडले. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण कॅन्टीनमध्ये त्या दिवशी चमच्यांचाही आवाज येत नव्हता.

संशय पहिल्या दिवसापासून मोटरांवर गेला. शेपटीला चार पंख, आणि प्रत्येक पंख वळवायला एक बोटभर मोटर. त्यातली एखादी अडकली असणार, असं सगळ्यांचं मत पडलं. अडकलेली मोटर समजायला सोपी असते. या मोटरा तपासून द्यायचं काम एका पन्नाशीच्या माणसाकडे होतं. त्याला मोटारवाले म्हणत. हा माणूस जेवताना बोलत नसे आणि बोलताना हलत नसे, इतका शांत. तिसऱ्या दिवशी त्याला त्याच्या विभागातून काढून स्टोअरमध्ये बसवलं. "चौकशी होईपर्यंत," असं चिठ्ठीत लिहिलं होतं. स्टोअरची एक खिडकी होती. तिच्यामागे स्टुलावर बसून तो नटबोल्टांचे खोके मोजायचा आणि मोजून झाले की परत मोजायचा.

दहाव्या दिवशी उड्डाणाचे आलेख सगळ्या विभागांना वाटले गेले. तक्तेबाईंनी आपल्या टेबलावर ते पसरले, चष्मा पुसला आणि शेवटच्या चार सेकंदांवर पट्टी ठेवली. पहिली रेघ संगणकाच्या हुकमाची, दुसरी पंख प्रत्यक्षात किती वळला त्याची. दोन्ही एकावर एक, केसाचंही अंतर नाही. मोटरा अडकल्याच नव्हत्या. हुकूम आला तशा वळल्या होत्या. तिसरी रेघ अंगाच्या गिरकीची. हुकूम होता उजवीकडे, अंग गेलं होतं डावीकडे. संगणकाने आणखी उजवीकडे म्हटलं, अंग आणखी डावीकडे गेलं. बिचारा हुकूम वाढवत राहिला आणि मरण ओढवून घेत राहिला.

तिने त्या क्षणी नाक किती वर होतं ते पाहिलं. अडीच अंशांच्या थोडं पुढे. मग ती उठली, लोखंडी कपाट उघडलं आणि चार वर्षांपूर्वीची नोंदवही काढली. कुठलं पान ते शोधावं लागलं नाही.

दोनशे सतरावी फेरी. त्या फेरीत एका पायरीला गिरकीचा आकडा उलट्या चिन्हाचा आला होता. अधिक असायला हवा तिथे उणे. आधीची पायरी बरोबर, नंतरची बरोबर, मधलं एकच टिंब रेघेखाली पडलेलं. ती तेव्हा वही घेऊन मोठ्या साहेबांकडे गेली होती. मोठे साहेब म्हणजे बोगद्याचे प्रमुख. तिला कामाला लावलेलं त्यांनीच आणि काटा वाचायला शिकवलेलंही त्यांनीच. त्यांनी टिंबाकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मॉडेलचे पंख उतरवून झाले होते. परत बसवून फेरी घ्यायची म्हणजे तीन आठवडे गेले असते.

"काट्याने डुलकी घेतली असेल," साहेब म्हणाले होते. "एका टिंबासाठी सबंध चित्र बिघडवायचं नसतं. रेघ सरळ काढ."

तिने रेघ सरळ काढली. वहीतला आकडा शाईचा होता, तो तसाच ठेवला आणि त्याच्याभोवती पेन्सिलने बारीक गोल काढून प्रश्नचिन्ह केलं. तक्त्यात मात्र सरळ रेघेवरचा आकडा घातला आणि खाली सही केली. हुकूम तोंडी होता. तोंडी हुकमाखाली सही नसते. कागदावर सही होती ती एकटी तिची.

वही तिने परत कपाटात ठेवली, आणि गप्प बसली.

हे नीट सांगायला हवं, कारण पुढे तिला लागलं ते हेच. ती दुष्ट नव्हती, भित्रीही फारशी नव्हती. ती दमली होती. सकाळी सासूची कूस बदलताना तिच्या मनात यायचं, एक टिंब म्हणजे काही पुरावा नव्हे. बसमध्ये वाटायचं, चौकशी समिती बसलीय, त्यात मोठमोठी डोकी आहेत, त्यांना दिसेलच की. तिसऱ्या रेघेत स्वच्छ दिसत होतं. पण समितीला मोटरच सापडायला हवी होती, म्हणून ती मोटरच शोधत होती. दुसरा आठवडा गेला, तिसरा गेला. झाकली मूठ झाकलेली राहिली.

मग एके दिवशी आलेखाचा कागद संपला म्हणून ती स्टोअरच्या खिडकीशी गेली. मोटारवाल्यांनी कागदाचं रीळ काढून दिलं, पावतीवर सही घेतली आणि म्हणाले, "बाई, तुम्ही आलेख पाहिले असतील ना?"

"पाहिले."

"माझी कुठली मोटर अडकली, काही दिसलं का?"

तिने रीळ छातीशी धरलं. "बघतेय अजून."

"मी प्रत्येक मोटर हाताने फिरवून पाहिली होती हो," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच शांत. "पण तिसऱ्या नंबरचीचं मला नीट आठवत नाही. त्या दिवशी घाई होती. राहिली असेल बहुतेक. माझ्याच हातून राहिली असणार."

ती तशीच वळली आणि चालू लागली. त्याची खात्री पटत चालली होती. चूक न केलेल्या माणसाला चूक आठवू लागली होती. आणि ते रीळ, जे एरवी ती काखेत मारून न्यायची, ते शेडपर्यंत नेताना तिला दोनदा थांबावं लागलं.

त्या संध्याकाळी सासूला भरवून झाल्यावर स्वयंपाकघरात तिने नवऱ्याला सांगितलं. आत काय बनतं ते तिने त्याला कधी सांगितलं नव्हतं, आताही सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, की एक आकडा माझ्याकडून चुकीचा गेला आणि दुसरा माणूस त्याची शिक्षा भोगतोय.

नवरा भांडी विसळत होता. टपालखात्यात छत्तीस वर्षं पत्रं वेगळी करून त्याला घाईने बोलायची सवय नव्हती. "काढून टाकतील तुला?"

"काढणार नाहीत. लिहून ठेवतील."

"मग अडलंय कुठे?"

"अडलं नाही रे कुठे. बोलायचं म्हटलं की नुसता थकवा येतो. चौकशा, कागद, परत सगळं पहिल्यापासून."

"थकवा तर गप्प बसूनही आलाच आहे," तो म्हणाला. "तीन आठवडे बघतोय मी. मग निदान बोलून थक."

आतून सासूचा आवाज आला, "पंख्याचं बोलताय का? बोलाच एकदा!"

रविवारी ती मोठ्या साहेबांकडे गेली. समितीपुढे त्यांचं नाव घ्यावं लागणार होतं, आणि पाठीमागे घेणं तिच्या जिवावर आलं होतं. निवृत्तीनंतर ते मुलाकडे राहत होते, तिसऱ्या मजल्यावर. सुनेने दार उघडलं आणि बैठकीच्या खोलीत नेलं. साहेब खिडकीशी शब्दकोडं सोडवत होते. बोगद्याने त्यांचे कान कधीच खाऊन टाकले होते, आणि आता तर उरलंसुरलंही गेलं होतं.

"साहेब, त्या उड्डाणाबद्दल बोलायचं होतं," ती हळू म्हणाली.

"उडाण? कोण उडालं?" साहेब ओरडले. सून स्वयंपाकघरातून डोकावली.

हे ओरडून बोलायचं प्रकरण नव्हतं. तिने शब्दकोड्याच्या कडेची कोरी जागा पाहिली, त्यांच्याच हातातली पेन्सिल घेतली आणि लिहिलं. फेरी २१७. गिरकी उलटी. तुम्ही रेघ सरळ काढायला सांगितलं होतं.

साहेबांनी वाचलं. परत वाचलं. मग खूप वेळ खाली रस्त्यावर कुणी गाडी लावत होतं तिकडे बघत बसले.

"मला आठवत नाही," अखेर ते म्हणाले, पुन्हा तितक्याच मोठ्याने. "पण मी म्हणालो असेन. मी सगळ्यांना तेच म्हणायचो." मग त्यांनी विचारलं, "सही कुणाची आहे?"

तिने स्वतःकडे बोट केलं.

त्यांनी मान हलवली, आणि मग एकदम विचारलं, "पेटीच्या दाराचं रबर बदललं का गं त्यांनी? शिट्टी मारायचं ते."

ती म्हणाली, बदललं. त्यांना ऐकू गेलं नाही, तेव्हा मान हलवून सांगितलं. सुनेने आणलेला चहा तिने घेतला. जिना उतरताना तिला रडू येईल असं वाटत होतं, पण आला तो राग. आणि तोही नुसता मोठ्या साहेबांचा नव्हता. इतकी वर्षं ज्यांच्या शब्दावर मान डोलावली, त्यांना ते शब्द आठवतसुद्धा नव्हते. आणि मान डोलावणारी ती स्वतः होती.

सोमवारी तिने समितीच्या अध्यक्षांना अर्ज दिला, बुधवारी बोलावणं आलं. लांब टेबल, मधे पाण्याच्या बाटल्या आणि बशीत कुणी हात न लावलेली बिस्किटं. तिने आलेख पसरला, नोंदवही उघडली आणि काय झालं ते सांगितलं. हुकूम, पंख, गिरकी. चार वर्षांपूर्वीचं टिंब. सरळ काढलेली रेघ. मोठ्या साहेबांचं नाव घेतलं, आणि सही आपली आहे हेही सांगितलं.

अध्यक्षांनी पेन्सिलचा गोल निरखून पाहिला. "हे टिंब खरं असेल तर असं का व्हावं?"

"नाक थोडं वर गेलं की अंगाच्या पुढच्या भागावरून दाबाचा एक पट्टा निसटतो, साहेब. एका ठरावीक कोनाला तो नेमका मागच्या पंखावर जाऊन आपटत असावा. पंखावरचा सगळा भार उलटतो. कोन जरा सरकला की पट्टा बाजूने निघून जातो, आणि सगळं पूर्ववत."

"असावा म्हणता. म्हणजे खात्री नाही."

"नाही. परत फेरी घेतल्याशिवाय नाही."

"आणि हे चार वर्षांनी आठवलं तुम्हाला?"

"आठवत होतंच," ती म्हणाली. "आलेख पाहिले त्याच दिवशी लख्ख कळलं. त्यालाही तीन आठवडे होऊन गेले. सांगितलं नाही, ही माझी चूक आहे."

कुणीतरी बिस्किटांची बशी उगाच सरकवली. अध्यक्ष म्हणाले, "घ्या परत फेरी."

म्हणणं सोपं होतं. जुन्या मॉडेलचे पंख कधीच भंगारात गेले होते. नवे करायचं काम कानसमामांकडे आलं. कानसमामा म्हणजे बोगद्याचे फिटर. यांच्या हातात कायम कानस असायची, आणि घरी जेवायलाही ते कानसेनेच बसतात अशी थट्टा चालायची. नखाएवढ्या जाडीचे चार पोलादी पंख, कडा ब्लेडसारख्या. त्यांना पाच आठवडे लागले. "बाई, तुमचं भूत पकडायला मी पिंजरा करतोय," ते म्हणायचे. "भूत आलं नाही तर पिंजऱ्यात तुम्हालाच घालतील, एवढं ध्यानात ठेवा."

पहिली फेरी घेतली. भोंगा वाजला, सगळ्यांनी कानांवर आवाज अडवणाऱ्या गाद्या चढवल्या, झडप उघडली आणि शेडचा पत्रान् पत्रा थरथरला. वीस सेकंदांनी पडद्यावर आकडे उमटले. सगळे अधिक. रेघ सरळसोट.

दुपारी दुसरी फेरी. पुन्हा सरळ.

समितीचा एक जण काचेशी उभा होता. त्याने घड्याळ पाहिलं आणि काही न बोलता निघून गेला. ते न बोलणंच जास्त लागलं. आजवर तिच्या डोक्यावर एक चूक होती, आता खोटेपणाचा वास येऊ लागला होता. वरिष्ठांवर ढकलायला जुनं टिंब उकरून काढलं, असं कुणीतरी चहाच्या टपरीवर म्हणालं, आणि म्हणालेलं तिच्यापर्यंत पोचवायला माणसं होतीच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती सासूच्या खाटेशी एक कागद घेऊन बसली. नोंदवही घरी न्यायची नसते. म्हणून त्या एका पानाचे आकडे आणि शेरे तिने कोऱ्या कागदावर उतरवून आणले होते, नुसते आकडे, बघणाऱ्याला त्यातून काही कळलं नसतं. सासू विचारत होती, "काय हरवलं?" ती म्हणाली, "बघते." आणि मग शेवटच्या ओळीवर तिचं बोट थांबलं. तिचंच अक्षर. 'दांड्याची बैठक ढिली. कोन चार दशांश कमी धरावा.'

म्हणजे त्या आठवड्यात दांडा जरा कलला होता. तिसऱ्या अंशाची पायरी प्रत्यक्षात तीनला पडलीच नव्हती, अडीचच्या जरा पुढे पडली होती. बाकीच्या साऱ्या फेऱ्या दोन, तीन, चार अशा पूर्ण अंशांवर घेतलेल्या. ते उलटं ठिकाण दोन आणि तीनच्या मधे बसलेलं होतं, आणि चार वर्षांत तिथे कुणी पाऊलच टाकलं नव्हतं. एकदाच पडलं, तेही चुकून. कालच्या दोन फेऱ्याही त्याच्यावरून उडी मारून गेल्या होत्या.

सकाळी तिने दांडा पाव-पाव अंशाने उचलायला सांगितलं. कानसमामांनी भुवया वर केल्या, पण बोल्ट सैल करायचे पाने आणले. कॉम्प्रेसर साडेतीन तास चालला. दुपारी झडप उघडली. दोन अंश, अधिक. सव्वादोन, अधिक. अडीच, उणे. पावणेतीन, उणे. तीन, अधिक.

कानसमामांनी कानांवरची गादी काढली आणि म्हणाले, "आलं की हो भूत."

तिने खात्रीसाठी दुसऱ्या दिवशी तीच फेरी आणखी दोनदा घ्यायला लावली. दोन्ही वेळा तेच. शेवटच्या फेरीला दाराशी मोटारवाले उभे होते. कुणीतरी त्यांना सांगितलं असावं. त्यांनी पडद्यावरचे आकडे वाचले आणि गेले. ती मागून धावली नाही, चालत गेली, आणि स्टोअरच्या खिडकीशी त्यांना गाठलं.

"तुमच्या चारही मोटरा बरोबर होत्या," ती म्हणाली. "तिसऱ्या नंबरचीसुद्धा."

"कळलं."

"तुम्हाला परत घेतील आता."

ते खोक्यांकडे बघत होते. "तुम्हाला कधी कळलं होतं, बाई?"

"आलेख आले त्या दिवशी."

"म्हणजे मी विचारलं तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

मोटारवाल्यांनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं. "माझ्या बायकोला मी सांगून टाकलं होतं, माझ्याच हातून झालं म्हणून," ते म्हणाले. "आता परत काय सांगायचं?"

ती म्हणाली, "माफ करा." ते म्हणाले, "ठीक आहे," आणि ते ठीक नव्हतं हे दोघांनाही कळलं.

समितीचा अहवाल आला. त्यात मोटरा निर्दोष ठरल्या. मोठ्या साहेबांचं नाव नव्हतं. 'तत्कालीन प्रमुखांचा तोंडी सल्ला' एवढंच होतं. तिच्या नावाचा परिच्छेद मात्र होता. शंका नोंदवूनही तक्त्यात बदल केला, आणि अपघातानंतर माहिती देण्यात विलंब केला. दोन्ही खरं होतं. ताकीदपत्र मिळालं, त्यावर पोचल्याची सही केली. बढतीच्या यादीतून नाव गेलं. आणि त्याच अहवालाच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं, सर्व तक्ते पाव अंशाच्या पायरीने नव्याने तयार करावेत, आणि काम तक्तेबाईंकडेच असावं, कारण ते दुसऱ्या कुणाला येत नाही. तिने हिशेब घातला. सहाशेच्या वर फेऱ्या. दिवसाला दोन. मधल्या मोडतोडी धरून दोन वर्षं. निवृत्तीलाही तेवढीच उरली होती.

ती कामाला लागली. दुसरं काय करणार? रोज साडेतीन तास हवा भरायची, वीस सेकंदांत उधळायची, मॉडेल निवेपर्यंत थांबायचं, पंख बदलायचे, परत भरायची. प्रत्येक वेडावाकडा आकडा तिने आता वेडावाकडाच ठेवला. असे आणखी अकरा सापडले. त्यातले नऊ काट्याचे चाळे निघाले, दोन खरे निघाले. ते दोन्ही पुढच्या उड्डाणाला नडलेच असते असं नाही, पण नडू शकले असते. संगणकवाल्यांनी त्यासाठी नाक त्या कोनांत रेंगाळू नये अशी व्यवस्था केली.

मधल्या काळात सासू गेली, एका दुपारी, झोपेतच. तिला फोन आला तेव्हा टाक्या भरत होत्या. घरी पोचली तर नवरा खाटेशी बसून आईचे केस नीट करत होता. महिनाभर तिला पहाटे पाचला आपोआप जाग यायची, आणि करायला काही नसायचं. ती तशीच बिछान्यावर बसून राहायची. वाटलं होतं, हे ओझं उतरलं की जरा बरं वाटेल. वाटलं नाही. नुसती पाठ रिकामी वाटली.

दीड वर्षाने दुसरं उड्डाण ठरलं. तक्त्यांची अजून शंभरेक फेऱ्यांची शेपटी राहिली होती, पण या उड्डाणाला लागणारा भाग पुरा झाला होता. त्या सकाळी तिच्या टेबलावरचा फोन वाजला असणार. ती कॉम्प्रेसरच्या खोलीत होती, कानांवर गाद्या चढवून. कानसमामा धावत आले. धावताना तिने त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी हाताचा तळवा आडवा धरला आणि लांबपर्यंत सरळ नेला, मग वळवला, अगदी सावकाश, आणि खाली उतरवला. मग दोन्ही अंगठे वर केले.

ती भिंतीकडेच्या बाकावर बसली. डोळ्यांत पाणी आलं, पण त्याचं कारण आनंदच होता असं तिला छातीठोकपणे सांगता आलं नसतं. कानसमामा कानाशी येऊन ओरडले, "पेढे नाहीत, चहा तरी घ्या! कॅन्टीनमध्ये सगळे जमलेत!"

"टाक्या भरल्यात," ती ओरडली. "हवा वाया कशाला घालवायची? फेरी उरकून जाऊ."

फेरी उरकली. आकडे सरळ होते. कॅन्टीनमध्ये पोचेपर्यंत गर्दी पांगली होती. मोटारवाले एका टेबलाशी बसले होते. तिने विचारलं नाही, त्यांनीच समोरची खुर्ची पायाने सरकवून दिली. दोघांनी चहा घेतला. ते तसेही खाताना-पिताना बोलत नसत, तेव्हा यातून काय समजायचं ते तिला कळलं नाही. उठताना ते म्हणाले, "मुलीचं लग्न ठरलंय. ती आता दुसऱ्या गावी राहील," आणि गेले.

घरी तिने नवऱ्याला सांगितलं, "आकडे बरोबर निघाले."

"मग सुट्टी घे आता."

"शंभर फेऱ्या राहिल्यात."

"त्या काय पळून जातायत?" तो म्हणाला.

तिने चार दिवसांची सुट्टी घेतली. पहिले तीन दिवस ती झोपली, अगदी दुपारच्या जेवणालासुद्धा उठवावं लागलं. चौथ्या दिवशी दोघं पायी बाजारापर्यंत गेली. नवऱ्याला चपला घ्यायच्या होत्या. दुकानात तो एकेक जोड घालून चार पावलं चालून दाखवत होता, आणि ती बाकावर बसून सांगत होती, हा नको, तो बरा. पाचव्या दिवशी आठ वाजता ती बसथांब्यावर उभी होती.